केशवची खुर्ची

भामरे सरांच्या तासाला वर्गात एक खुर्ची जास्त लागायची. शिपाई ती आधीच आणून ठेवायचा, फळ्याच्या डाव्या अंगाला, जराशी तिरकी. तिच्यावर कोणी बसायचं नाही. सर यायचे, हजेरी घ्यायचे, छत्री खिडकीच्या गजाला अडकवायचे आणि त्या रिकाम्या खुर्चीकडे वळून म्हणायचे, "हं, केशवराव. काल कुठवर आलो होतो आपण?"

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मी मनात म्हटलं, झालं! पहिलीच नोकरी आणि साहेब डोक्याने अधू.

एकोणीसशे पासष्ट-सहासष्टचा सुमार असेल. मी जळगावच्या एका कॉलेजात मराठी शिकवायला नव्याने लागले होते. विभागात आम्ही दोघंच, त्यामुळे भामरे सर विभागप्रमुख आणि उरलेला सगळा विभाग मी. सर तेव्हा पंचेचाळिशीचे. बुटके, गोल, आणि मे महिन्यातही अंगात कोट. जळगावचं ऊन ज्याने खाल्लंय त्याला ही काय शिक्षा ते सांगायला नको. डोक्यावर ओला रुमाल, त्यावर छत्री, आणि खाली हा कोट. कोणी म्हटलं, "सर, काढा की तो," तर म्हणायचे, "काढला तर आतला धुळ्याचा कापडवाला दिसेल."

ते खरंच होतं. सरांच्या वडिलांचं धुळ्याला कापडाचं दुकान होतं. मुलाने गादीवर बसावं असं वडिलांच्या मनात, आणि मुलाच्या मनात पुस्तकं. एके दिवशी सर दुकानाची किल्ली शेजारच्या दुकानात ठेवून पुण्याला पळाले. शिकवण्या करून एम.ए. झाले. ही गोष्ट ते वर्षातून दोनदा तरी सांगायचे आणि शेवटचं वाक्य ठरलेलं असायचं, "पदवी घेऊन परत आलो, तर वडील एक अक्षर बोलले नाहीत. तसेच गेले." हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची.

आता केशव कोण ते सांगते. बी.ए.ला नेमलेल्या एका कादंबरीचा तो नायक. कादंबरीचं नाव सांगण्यात अर्थ नाही, आज ती रद्दीतही सापडायची नाही. गोष्ट एवढीच, की केशव हा गावच्या वैद्याचा मुलगा. बापाने त्याला औषधं कुटायला बसवलं. त्याला ते नको होतं, पण 'नको' हा शब्द त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. एका सकाळी गुपचूप शहरात निघून गेला आणि छापखान्यात लागला. पुढची कितीतरी वर्षं एकाच खोलीत राहिला, पण सदरा कधी खुंटीला लावला नाही. काढला की घडी करून ट्रंकेत. शेवटच्या प्रकरणात तो गावी येतो. बाप ओट्यावर बसलेला असतो. केशव पायरीशी उभा राहतो आणि म्हणतो, "पाणी मिळेल?" तिथे कादंबरी संपते.

दुसरा कोणी असता तर 'केशवचे स्वभावचित्र रेखाटा' एवढं लिहून देऊन मोकळा झाला असता. सरांनी मात्र कुठल्याशा परदेशी दाढीवाल्या डॉक्टरची मनोविश्लेषणाची पुस्तकं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचली होती. त्यामुळे केशव हा त्यांचा पेशंट होता. पोरांनी खुर्चीकडे बघून त्याला प्रश्न विचारायचे, सर कान देऊन ऐकल्यासारखं करायचे आणि मग तो काय म्हणाला ते नव्हे, तर काय म्हणाला नाही ते सांगायचे. "माणूस काय बोलतो ते सोडा," हे त्यांचं पालुपद. "काय बोलायचं टाळतो ते धरा."

एकदा दाणाबाजारातल्या मारवाडी पेढीवरचा कांतीलाल उभा राहिला. हुशार पोरगा, पण डोक्यात सदा व्यापार. म्हणाला, "केशवजी, घर सोडून जायच्या ऐवजी तुम्ही वडिलांकडे भागीदारी का नाही मागितली? चार आण्यांची तरी मागायची!" वर्ग खो खो हसला. सर हसले नाहीत. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि म्हणाले, "गप्प बसलाय बघा. कांतीलाल, तू नेमकं ठणकतं तिथे बोट ठेवलंस. अरे, मागणं हेच त्याला जमत नाही. ज्याला मागता येत नाही तो पळून जातो. तो सदरा ट्रंकेत का ठेवतो? घर सोडलंय, पण दुसरं घर करायची परवानगी त्याने अजून बापाकडे मागितलेली नाही. आणि म्हणून शेवटी तो पाणी मागतो, तेव्हा तो हरलेला नसतो. जन्मात पहिल्यांदा त्याने काहीतरी मागितलेलं असतं. हीच त्याची वाढ!"

मी मागच्या बाकावर बसून ऐकत होते. अंगावर काटा आला, खोटं कशाला बोलू? मराठीतल्या शंभर नायकांबद्दल मी वाचलं होतं, पण एका तांब्याभर पाण्यात कोणी कधी मला असं मन दाखवलं नव्हतं. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात सरांची विद्यार्थिनी झाले.

वर्गाबाहेरही त्यांची तपासणी चालूच. टांगेवाला घोड्यावर ओरडला की म्हणायचे, "घोड्यावर नाही, सासऱ्यावर ओरडतोय." नोकरीला लागल्यावर पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या घरी गेले आणि माझी छत्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी कॉलेजात ती माझ्या हातात देण्याऐवजी सर म्हणतात, "ती घरीच आहे. माणूस वस्तू उगाच विसरत नाही, बाई. जिथे परत यायचं असतं तिथेच विसरतो."

"सर, पाऊस थांबला होता म्हणून विसरले."

"हे तुमचं बाहेरचं मन बोलतंय. आतलं म्हणतंय, भामरेबाईंच्या हातचं भरीत पुन्हा मिळेल का?"

मेलं ते आतलं मन! पण गेलेच मी. वांग्याचं भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी खाऊन छत्री घेऊन आले. सर स्वतः मात्र कधी काही विसरायचे नाहीत आणि त्याचा त्यांना कोण अभिमान! उठताना चष्मा, पेन, छत्री असं एकेक चाचपायचे आणि म्हणायचे, "आपलं आतलं-बाहेरचं एक आहे."

भामरेबाईंना सगळे अक्का म्हणायचे. त्या शिरपूरकडच्या. सर कॉलेजात पुस्तकी मराठी बोलायचे आणि उंबरा ओलांडला की अक्कांशी अहिराणी. त्यांना एकच मुलगा, अविनाश. उंच, शांत, हातात सदा एखादा स्क्रू-ड्रायव्हर. आळीतले सगळे बिघडलेले रेडिओ त्याच्याकडे. सरांना मात्र तो साहित्याचा प्राध्यापक व्हायला हवा होता. दुकानाच्या गादीवरून पळालेला हा माणूस, पण मुलासाठी त्याने आपली खुर्ची पुसून तयार ठेवली होती. आणि केशवच्या बापाचे सगळे दोष ज्याला पाठ, त्याला हे एवढं दिसत नव्हतं.

अवी आर्ट्सला बसला खरा, पण त्याने कोणाला न सांगता वरणगावच्या दारूगोळ्याच्या फॅक्टरीत शिकाऊ म्हणून अर्ज केला आणि त्याला बोलावणं आलं. त्या दिवशी सर घरात काय बोलले ते मला अक्कांनीच सांगितलं. "माझा मुलगा काडतुसं करणार? मग हा उंबरा विसर." एवढं बोलून सर वादाला तयार होऊन बसले. मुलगा कारणं देईल, मग आपण ती कारणं सोलून आतलं कारण काढू, असा त्यांचा बेत. अवी फक्त म्हणाला, "बरं." आणि गेला.

त्या 'बरं'ने सरांना पार पोखरलं. पुढे कितीतरी दिवस मध्येच मला म्हणायचे, "भांडला असता तर समजलो असतो. 'बरं' म्हणजे काय हो, बाई? 'बरं' हे काय उत्तर झालं?"

जळगावहून वरणगाव म्हणजे काय काळं पाणी नाही. भुसावळपर्यंत गाडी आणि पुढे अर्धा-पाऊण तास एस.टी. पण तीन वर्षं सर तिथे गेले नाहीत आणि अवी इथे आला नाही. अक्का मधूनमधून भुसावळला आपल्या भावाकडे जायच्या आणि तिथे अवीला भेटायच्या. सरांना ते माहीत होतं, आणि आपल्याला माहीत नाही असं ते दाखवायचे. अक्कांनाही ते माहीत होतं. असा सगळा आनंद!

आणि इकडे वर्गात केशव बदलला. जामनेरकडचा सुपडू नावाचा एक विद्यार्थी होता, नापास होऊन पुन्हा त्याच वर्गात बसलेला. सहामाहीचा पेपर घेऊन तो माझ्याकडे आला. अगदी रडवेला. "बाई, मागच्या साली केशव सुधरेल व्हता. त्यानं पानी मागलं म्हणजे तो मोठा झाला, असं सरच बोलले. मी तेच लिवलं. औंदा सर म्हनतात तो हरला, माघार घेतली, बापाला सोडून गेलेल्याची हीच गत व्हते. आता केशव वर्सा वर्साला बदलत असंल तं मी पास व्हवू कसा?"

मी पेपर पाहिला. सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'कृतघ्नपणाचा विचार केलेला नाही.' मी धाडस करून सरांना विचारलं, "सर, केशव इतका कसा बदलला?" तर म्हणाले, "केशव बदलला नाही. माझं निदान पक्कं झालं." आणि चष्मा पुसायला लागले. चष्मा स्वच्छच होता.

मी काय बोलणार? त्यांनीच शिकवलेली विद्या त्यांच्यावर चालवायची म्हणजे गुरूच्याच पाठीत सोटा. पण वाईट वाटायचं. ज्या माणसाने मला माणसं वाचायला शिकवली, तोच मनातल्या मनात कुढतोय आणि वर निदान सांगतोय, हे बघवत नव्हतं.

श्रावणात त्यांच्याकडे कानबाई बसायची. आमच्या भुसावळकडच्या घरात ती बसत नाही, म्हणून मला अप्रूप. नागपंचमीनंतरच्या रविवारी देवी बसवतात, आणि तिच्या रोटांसाठी दळणाचे गहू घेताना घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ मोजतात. ते जाड रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला द्यायचे नाहीत, उंबऱ्याबाहेर न्यायचे नाहीत, आणि राखीपौर्णिमेच्या आत संपवायचे. वर्षभर देवधर्माला 'सामूहिक मनाचे खेळ' म्हणणारे सर त्या दिवशी सोवळं नेसून हजर.

अवी गेल्यानंतरच्या पहिल्याच श्रावणात मी तिथे होते. अक्कांनी सरांच्या नावाने मूठ टाकली. मग दुसरी भरली आणि म्हणाल्या, "आनि ही मन्हा अवीनी."

सर कॉटवरून म्हणाले, "जो घरमा नही त्याना गहू कसाले?"

अक्कांनी मान वर न करता मूठ टाकली. "घरमा नही, पन घरना शे ना?"

सर उठून बाहेर गेले. पुढच्या आठवड्यात स्टाफरूममध्ये त्यांचं पोट बिघडलेलं. मी ओवा आणून दिला. "वात झालाय," म्हणाले. पुढच्या श्रावणातही तेच. त्याच्या पुढच्याही. शेवटी मी अक्कांना म्हटलं, "सरांना श्रावणातच कसा वात होतो?" अक्का हसल्या आणि लगेच त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "अवीचे रोट ते खातात. मी म्हटलं गायीला घालू, तर माझ्यावरच ओरडले. मी बाप शे त्याना, म्हणे, मीच खासू. सकाळ-संध्याकाळ बसतात खात. शिळे, कडक झालेले. मला जवळ येऊ देत नाहीत."

त्या दिवशी घरी जाताना मी रस्त्यात रडले. लोक बघतात तर बघू देत, म्हटलं.

आणि मग तो तास आला. तोच तिसरा श्रावण. कानबाईचं विसर्जन होऊन दोनतीन दिवस झाले होते. सरांचं पोट बिघडलेलं, चेहरा उतरलेला, आणि ते शेवटचं प्रकरण शिकवत होते. "केशवराव, ज्या दारावर लाथ मारलीत त्याच दारात पाणी मागता? कुठे गेला तो ताठा?" खुर्चीवर नुसते तुटून पडले होते. मी शेजारच्या वर्गातला तास जरा लवकर आटोपून दाराशी उभी होते.

भडगावची सिंधू नावाची मुलगी हळूच उभी राहिली. तोवर वर्गात कधी तोंड न उघडलेली. म्हणाली, "सर, मला केशवला नाही विचारायचं. त्याच्या वडिलांना विचारू का?"

सर म्हणाले, "वडिलांना? ते कुठे आहेत इथे?"

"तेच ना सर. ते तर ओट्यावरच बसलेले होते. आमच्याकडे दारात कोणी आलं तर आधी तांब्या पुढे करतात, मग विचारतात कोण, कुठले. वैरी असला तरी. मग याला मागावं का लागलं? ते उठले का नाहीत?"

सर खुर्चीकडे बघायला लागले, मग आमच्याकडे, मग पुन्हा खुर्चीकडे. कपाळावरून घाम वाहत होता. "बरोबर आहे," एवढं म्हणाले आणि घंटेची वाट न बघता वर्गाबाहेर आले. असं आधी कधी झालं नव्हतं.

स्टाफरूममध्ये जाऊन पाहते तर सरांनी कोट काढून ठेवला होता. आत साधा बंडीसारखा सदरा, पाठीला चिकटलेला. मला म्हणाले, "बाई, इतकी वर्षं मी त्या पोराला खुर्चीवर बसवून सोलतोय. बापाला एकदासुद्धा खुर्ची दिली नाही. का दिली नसेल, सांगा बरं?"

मला उत्तर माहीत होतं. त्यांनाही माहीत होतं. मी म्हटलं, "सर, राखीला मी भुसावळला भावाकडे चाललेच आहे. उद्या पौर्णिमेच्या आदल्या दिवशी निघतेय. तुम्ही चला. वरणगावपर्यंत मी येते तुमच्याबरोबर."

"मी?" म्हणाले. आणि मग अगदी लहान आवाजात, "त्याने 'बरं' म्हटलं तर?"

"तर 'बरं' ऐकून परत यायचं!" मी जवळजवळ ओरडलेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी डब्यात अवीच्या वाट्याचे उरलेले रोट भरले. सर म्हणाले, "उंबऱ्याबाहेर नेता येत नाहीत ना?" अक्का डब्याचं झाकण दाबत म्हणाल्या, "कानबाईले मी सांगी देसू. तुम्ही जा." स्वतः आल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी आले तर मीच बोलत बसेन. त्या दोघांना आज एकमेकांशीच बोलू दे."

भुसावळहून एस.टी.त बसल्यावर सर डबा मांडीवर दोन्ही हातांनी धरून बसले होते. मग एकदम म्हणाले, "बाई, वडील उठले होते."

"कोणाचे?"

"माझे. धुळ्याला. एम.ए. होऊन परत आलो तेव्हा दुकानात गिऱ्हाईक होतं. लुगड्याचं माप चाललेलं. मी पायरीशी उभा. वडिलांनी बघितलं, हातातला गज गादीवर ठेवला, माप अर्धं टाकून उठले, माठातून पाणी काढून माझ्यापुढे धरलं. मी प्यालो. ते पुन्हा जाऊन मापाला लागले. बोलले काहीच नाहीत. गिऱ्हाईक टाकून उठणं म्हणजे काय, हे दुकानदाराच्या पोराला सांगावं लागत नाही, बाई. आणि मी जन्मभर काय सांगत फिरलो? एक अक्षर बोलले नाहीत, म्हणे! पाण्याचं मी विसरलोच होतो. काल त्या पोरीने विचारलं तेव्हा समोर आलं."

"तुम्ही तर कधी काही विसरत नाही," मी म्हटलं.

"तेच तर ना," म्हणाले आणि त्यांनी खिडकीबाहेर तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. मी माझ्या पिशवीत उगाच राख्या शोधत बसले.

वरणगावला फॅक्टरीच्या वसाहतीत अवीची खोली सापडायला वेळ लागला नाही. पहिली पाळी संपवून तो नुकताच आला होता. दार उघडंच होतं. सर पायरीशी थांबले. वर चढेनात. अवी आतून आला, बापाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तसाच वळून आत निघून गेला. सरांचा चेहरा पांढराफटक पडला. वाटलं, संपलं सगळं, उगाच आणलं मी यांना.

आतून भांड्याचा आवाज आला. अवी तांब्या-पेला घेऊन बाहेर आला, दोन पायऱ्या उतरला आणि पेला भरून बापापुढे धरला. "घ्या बाबा. ऊन आहे." ऊन कसलं? आभाळ भरून आलं होतं.

सर प्याले. पुन्हा पेला पुढे केला. पुन्हा प्याले. मग आत गेले आणि कॉटवर बसून खोली बघायला लागले. एक टेबल, एक उघडा रेडिओ, आणि भिंतीवरच्या खुंट्यांना ओळीने सदरे लावलेले. निळा, पांढरा, फॅक्टरीचा खाकी. सर त्या खुंट्यांकडे बघत राहिले. मला हळूच म्हणाले, "याने सदरे खुंटीला लावलेत, बाई." त्या आवाजात जे सुख होतं ते मी पुन्हा कुठे ऐकलं नाही. हा केशव नाही, हा पळून आलेला नाही, हा आपल्या पायांवर इथे नीट राहतोय, हे त्यांना त्या तीन सदऱ्यांवरून कळलं होतं.

अवीने डबा उघडला. "रोट? हे बाहेर कसे आले?"

"तुन्ही मायनी धाडेल शे," सर म्हणाले.

अवीने तुकडा मोडला. खाता खाता म्हणाला, "आणि इतकी वर्षं माझा वाटा कोण खात होतं?"

मीच म्हटलं, "दरवर्षी श्रावणात यांना वात व्हायचा."

अवी चावायचा थांबला. बापाकडे बघितलं. आधी हसला आणि मग त्याला हसता येईना. सर घाईघाईने म्हणाले, "तू त्या दिवशी 'बरं' म्हणालास. त्याचा अर्थ काय होता रे? मी फार विचार केला."

"बरं म्हणजे बरं, बाबा. तुम्ही रागात होतात. आणखी काय बोलणार होतो मी?"

"एवढंच?"

"एवढंच."

सर एवढे हसले की त्यांचा चष्मा खाली आला. तीन वर्षं त्या एका शब्दाचं विश्लेषण चाललं होतं! मग ते रेडिओजवळ गेले आणि हा डबा वाजतो कसा म्हणून विचारायला लागले. अवी सांगत होता आणि सर वर्गातल्या पोरासारखे "मग? मग?" करत होते. मी चहा केला.

संध्याकाळच्या बसला आम्ही निघालो. अवीला शेजारच्याने कसल्याशा कामाला हाक मारली म्हणून तो दारापर्यंतच आला. स्टँडवर बस लागलेलीच होती. मी चढून खिडकीशी बसले. पाऊस भुरभुरायला लागला आणि माझं लक्ष गेलं. सर खाली उभे होते, डोक्यावर नुसता रुमाल.

"सर, छत्री कुठे?"

"राहिली," सर म्हणाले. चष्मा, पेन काही चाचपलं नाही. गालातल्या गालात हसत भिजत उभे राहिले. मला सगळं कळलं.

तेवढ्यात रस्त्यावरून अवी धावत आला, छत्री मिटलेलीच, स्वतः नखशिखांत भिजलेला. "बाबा, ही राहिली."

सर वैतागलेच. "अरे, तुला कोणी सांगितलं आणायला? माणूस वस्तू उगाच विसरतो का? काही कळतं का तुला?"

"लहानपणापासून ऐकतोय ते," अवी धापा टाकत म्हणाला. त्याने छत्री उघडली आणि बापाच्या डोक्यावर धरली. "परत यायला छत्री कशाला विसरायला लागते, बाबा? तसेच या ना."

कंडक्टरने घंटी मारली. मी खिडकीतून "सर, चला, चला" म्हणून हाका मारल्या. सर वळलेसुद्धा नाहीत. त्या एका छत्रीखाली दोघं उभे होते, बुटका बाप आणि उंच मुलगा, आणि सर मान वर करून काहीतरी सांगत होते. बस हलली. सर त्या बसने आलेच नाहीत.